शितावरून भाताची, वृक्षावरून वनाची

माजरी हे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस केवळ एक जंक्शन म्हणून परिचित असेल. दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग वरोरा सोडून भांदकाकडे निघाला म्हणजे मध्ये हे स्थानक लागते, आणि येथूनच वर्धा नदी ओलांडून वणीकडे व पुढे पिंपळखुटी-आदिलाबादकडे एक फाटा जातो. फलाटावर उतरताच प्रथम दृष्टीस पडते ती कोळशाची काळी भुकटी. ती वाटसराच्या धोतरावर बसते, कडुलिंबाच्या पानांवर बसते, आणि पाऊस पडून गेला की वाटेवरील डबक्यांतही उतरते. आसमंतात उघड्या खाणी आहेत. खाणीतून उपसलेल्या मातीचे ढिगारे लांबून पाहता टेकड्यांसारखे भासतात व त्यांवर बाभळी आणि रानगवत माजलेले असते. चंद्रपूर व गडचिरोली हे अरण्यांचे जिल्हे असे शाळेच्या भूगोलात शिकून आलेल्या मनुष्यास येथे उभे राहिल्यावर साहजिकच प्रश्न पडतो की, ते अरण्य आहे तरी कोठे?

ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, ते आपल्या पायाखाली आहे. वर्धेच्या खोऱ्यातील कोळसा हा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींचा अवशेष होय. ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या वनस्पती त्या काळी ह्या दलदलीत वाढत असत. त्यांचे ठसे दगडांत उमटलेले आढळतात, आणि ज्या प्राचीन भूखंडावर त्या उगवल्या त्यास भूगर्भशास्त्रज्ञांनी नाव दिले तेही आपल्या गोंडवनावरूनच. परंतु आम्हांस येथे निराळीच गोष्ट सांगावयाची आहे. जमिनीखाली कोळसा किती आहे हे खाण सुरू करण्यापूर्वीच ठरवावे लागते, आणि त्यासाठी कोणी सगळी जमीन उकरून पाहत नाही. ठराविक अंतरांवर वेधभोके पाडतात, प्रत्येक भोकातून दगडाचा लांब दांडा वर काढतात, थराची जाडी मोजतात, आणि त्या थोडक्या भोकांवरून सबंध क्षेत्राचा हिशेब मांडतात. थोडक्याच्या मापनावरून सर्वाचे ज्ञान करून घेण्याची ही युक्ती जशी पाताळातील मृत अरण्यास लागू पडते, तशीच भूपृष्ठावरील जिवंत अरण्यासही लागू पडते. माजरीहून पूर्वेस जो प्रवास आम्ही गेल्या मार्गशीर्षात केला, त्यात ही दुसरी युक्ती प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. तिचेच वर्णन ह्या लेखात करण्याचा आमचा मानस आहे.

ह्या युक्तीचे बीज आपल्या पूर्वजांस अवगत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. स्वयंपाकघरातील प्रत्येक गृहिणी ती नित्य योजीत असते. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी ती पातेल्यातील एकच शीत बोटांत चेपून पाहते. नैयायिकांनी व मीमांसकांनी ह्यासच स्थालीपुलाकन्याय असे नाव दिले. धान्याचा व्यापारी पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून मूठभर दाणे काढतो व त्यावरून सबंध पोत्याचा भाव सांगतो, तोही हाच न्याय.

ह्याहून मनोरंजक दाखला महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यानात आहे, आणि तो आमच्या विदर्भाच्या वाटेवरच घडलेला आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येचा राजा ऋतुपर्ण कुंडिनपुरास निघाला. कुंडिनपूर म्हणजे वर्धेच्याच तीरावरील, अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर होय असे मानतात. रथ हाकीत होता बाहुकाच्या रूपातील नल. वाटेत एक बेहड्याचा वृक्ष लागला. ऋतुपर्णाने त्याकडे एकवार पाहिले, आणि त्याच्या दोन शाखांवर पाच कोटी पाने व दोन हजार पंच्याण्णव फळे आहेत असे सांगून टाकले. नलाचा विश्वास बसेना. राजाला घाई असताही त्याने रथ थांबविला, तो वृक्ष तोडला, फळे मोजली, आणि संख्या बरोबर आली तेव्हा तो विस्मित होऊन राजास ती विद्या मागू लागला. ऋतुपर्णाने उत्तर दिले की आपणांस अक्षांचे रहस्य व गणनेचे कौशल्य अवगत आहे. बेहड्याच्या फळांचेच त्या काळी फासे करीत, हे लक्षात घेतले म्हणजे द्यूत, गणना व वृक्ष ह्या तिहींची सांगड कवीने का घातली हे उमगते.

ह्या कथेतील एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नलाने सर्व फळे मोजली खरी, पण त्यासाठी झाड पाडावे लागले. संपूर्ण गणनेचे मूल्य म्हणून बेहड्याचा प्राण गेला. अरण्याच्या बाबतीत वृक्ष मोजण्यासाठी तोडावे लागत नाहीत हे खरे, परंतु काळ, मनुष्यबळ व द्रव्य ह्यांचा व्यय मात्र प्रचंड होतो. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. त्यातील प्रत्येक साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू व मोह मोजावयाचा म्हटल्यास शेवटच्या झाडापाशी पोहोचेपर्यंत पहिली झाडे वाढलेली, वठलेली किंवा चोरीस गेलेली असावयाची.

आधुनिक काळात हा प्रश्न हिंदी अरण्यांपुढे प्रथम उभा राहिला तो ब्रह्मदेशात. डीट्रिख ब्रँडिस हे बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ साली पेगूच्या सागवनांचे अधिकारी झाले. लाकूडव्यापारी मनसोक्त तोड करीत होते, आणि वनात साग किती उरला हे कोणासही ठाऊक नव्हते. ब्रँडिस हत्तीवर बसून अरण्यात शिरत. डाव्या हातात बांबूच्या चार कांड्या व उजव्या हातात चाकू. झाडांच्या घेराप्रमाणे चार वर्ग कल्पिलेले असून प्रत्येक वर्गास एक कांडी नेमलेली होती. वाटेच्या दोन्ही बाजूंस साग दिसला की ज्या वर्गाचा तो असेल त्या कांडीवर एक खाच पडे. पावसाने कागद भिजतो, पण बांबूवरची खाच पुसली जात नाही. अशा रीतीने कित्येक कोसांच्या पट्ट्यांतील झाडे मोजून त्यांनी सबंध वनातील मोठ्या व लहान सागांचे प्रमाण काढले, आणि दुसऱ्या वर्गातील झाडे पहिल्या वर्गात येण्यास जितकी वर्षे लागतात त्या मानाने दरसाल किती झाडे तोडावी हे ठरविले. तेच पुढे १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. आपल्या देशातील शास्त्रीय वनव्यवस्थेचा पाया त्या खाचांवर रचला गेला आहे.

असो. आता प्रवासाकडे वळू. माजरीहून गाडीने चंद्रपूर गाठावे. तेथे वनाधिकाऱ्यांस शिक्षण देणारी वनप्रबोधिनी आहे. चंद्रपुराहून मूल, सावली व व्याहाड ह्या मार्गाने जाताना दोन्ही बाजूंस सागाची रोपवने व मिश्र वने लागतात. पुढे वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र ओलांडले की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. मार्गशीर्षात सागाची पाने अद्याप झडलेली नसतात, पण करपू लागलेली असतात, व त्यांतून वारा वाहू लागला म्हणजे दूर कोठे पाऊस पडत असल्याचा भास होतो. आमचा भाचा वनखात्यात आहे. त्याच्या तुकडीस एका राखीव वनाच्या कक्षात झाडे मोजावयाची होती. दोन दिवस आम्ही त्या तुकडीबरोबर हिंडलो.

कामाची रीत अशी. नकाशावर समान अंतरांच्या उभ्या-आडव्या रेघा ओढून चौकटी पाडलेल्या असतात. पहिला बिंदू कोठे घ्यावयाचा हे मनुष्याच्या इच्छेवर न सोडता चिठ्ठ्या टाकाव्या तद्वत् यदृच्छ अंकांच्या कोष्टकावरून ठरवितात, आणि तेथून पुढचे बिंदू क्रमाने येतात. त्या बिंदूवर जाऊन खुंटी ठोकतात. खुंटीपासून ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य व वायव्य ह्या चार दिशांस होकायंत्राच्या साह्याने २२.३६ मीटर अंतर मोजून कोपरे निश्चित करतात. त्यामुळे बरोबर एक दशांश हेक्टरचा चौरस तयार होतो. जमीन उताराची असेल तर फीत उतारावर न ठेवता आडवी, समपातळीत धरावी लागते, अन्यथा चौरस लहान पडतो. मग आतील प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे सुमारे छातीच्या पातळीवर, मोजून जातीसह वहीत लिहितात. बुंध्यापाशी मुळांचा फुगवटा असतो म्हणून ही उंची नेमलेली आहे. मोजलेल्या झाडावर खडूची खूण करतात, म्हणजे तेच झाड दोनदा लिहिले जात नाही.

दुसऱ्या दिवशी एक प्रसंग घडला तो सांगण्याजोगा आहे. एका बिंदूवर पोहोचलो तो सर्वत्र बोरी-बाभळींची काटेरी जाळी, आत एखाददुसरे वेडेवाकडे धावड्याचे झाड. वीस पावलांवर मात्र सरळ, उंच सागांची सुरेख राई दिसत होती. तुकडीतील एक तरुण वनरक्षक म्हणाला, "साहेब, खुंटी तिकडं ठोकू. इथं मोजायला हायेच काय?" भाच्याने मान हलविली व आपण स्वतः कोयता घेऊन जाळीत शिरला. तास-दीड तास खर्चून, हातपाय ओरबाडून घेऊन, त्या चौरसात केवळ तीन झाडे वहीत आली.

सायंकाळी आम्ही त्यास विचारले, "तीन झाडांसाठी एवढा खटाटोप कशास? वीस पावलांनी काय बिघडले असते?"

तो म्हणाला, "मामा, हिशेब तुम्हीच करून पाहा. समजा, कक्ष पाचशे हेक्टरांचा आहे. म्हणजे असे पाच हजार चौरस झाले. खरी सरासरी चौरसास सोळा झाडांची आहे, पण काटे टाळून टाळून आम्ही ती वीस दाखविली. तर सगळ्या कक्षात किती झाडे वाढली?"

आम्ही हिशेब केला. ऐंशी हजारांच्या ठायी एक लाख. वीस हजार झाडे केवळ कागदावर उगवली! पुढील दहा वर्षांच्या कार्य आयोजनेत दरसाल किती लाकूड काढावयाचे ते ह्या लाखावरून ठरणार. कागदावरच्या झाडांस कुऱ्हाड लागत नाही, तेव्हा त्यांचा वाटाही ह्या खऱ्या ऐंशी हजारांतूनच तोडला जाणार. पुन्हा जेव्हा मोजणी होईल तेव्हा वन विरळ झालेले आढळेल व त्याचे खापर वणव्यावर किंवा आसपासच्या गावकऱ्यांवर फुटेल. वीस पावलांची सोय एवढी महाग पडते. आंब्याच्या टोपलीत वरच्या थरास निवडक फळे लावणारा विक्रेता आणि सोयीच्या जागी खुंटी ठोकणारा मोजणीदार ह्यांच्यात फळाच्या दृष्टीने काही भेद नाही, मग त्यांच्या मनात कपट असो वा नसो.

येथे वाचकांस शंका येईल की, पातेल्यातील एक शीत पुरते, तर अरण्यात इतके चौरस कशासाठी? भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतो, म्हणून त्यातील शिते बहुतांशी एकसारखी असतात. अरण्य असे ढवळलेले नसते. ओढ्याकाठी अर्जुन व जांभूळ, सखल जमिनीत ऐन व उत्तम साग, खडकाळ माथ्यावर सालई व धावडा, असे त्याचे स्वभावतःच विभाग पडलेले असतात. म्हणून जाणते मोजणीदार अगोदर वनाचे सारख्या प्रकृतीचे स्तर पाडतात व प्रत्येक स्तरातून स्वतंत्र चौरस घेतात. पट्टे पाडून मोजणी करावयाची असेल तर ते ओढ्याच्या कडेकडेने न नेता ओढ्यास आडवे नेतात, म्हणजे पाण्यापासून माथ्यापर्यंतच्या सर्व प्रकारच्या जमिनी वाटेत येतात.

आणखी एक नियम प्रथम ऐकताना विपरीत वाटतो. अचूकता अवलंबून असते ती मुख्यतः चौरसांच्या संख्येवर व झाडांच्या विषमतेवर. वन केवढे मोठे ह्याचा तीत फारसा वाटा नसतो. चौरसाचौरसांतील फरक सरासरीच्या निम्म्याएवढा आहे असे समजू. पंचवीस चौरस मोजले तर सरासरीत शेकडा दहाची चूक संभवते. ती शेकडा पाचावर आणावयाची असल्यास पन्नास चौरस पुरत नाहीत, शंभर लागतात. चूक निम्मी करण्यास श्रम चौपट, असा हा व्यवहार आहे. ह्या रीतीचा गुण असा की, तीत किती चूक संभवते तेही आधीच सांगता येते. "वनात ऐंशी हजार झाडे आहेत" असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापेक्षा "ऐंशी हजार, चार हजार इकडे किंवा तिकडे" असे सांगणारा अधिक विश्वासार्ह समजावा.

ह्या शास्त्राच्या विकासात एका महाराष्ट्रीयाचा वाटा फार मोठा आहे, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध ह्या गावी झाला. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे लंडन येथे शिक्षण घेऊन ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले. शेतातील यदृच्छेने निवडलेला तुकडा कापून सबंध प्रांताच्या पिकाचा अंदाज बांधण्याची पद्धती त्यांनी व विनायक गोविंद पानसे ह्यांनी आपल्या देशात रूढ केली. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांनी तागाच्या व भाताच्या पिकांसाठी असेच प्रचंड काम चालविले होते. तुकडा केवढा असावा ह्याविषयी उभय पक्षांत मतभेद होता. तुकडा फार लहान घेतला तर पीक वास्तविकापेक्षा अधिक भरते, असे सुखात्मे ह्यांनी १९४६ साली 'नेचर' ह्या नियतकालिकात दाखवून दिले. कारण असे की, सीमेवरील रोप आत की बाहेर असा संशय आला की कापणाऱ्याचा हात त्यास आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याची सीमा क्षेत्राच्या मानाने लांब. १९५४ साली त्यांचा नमुना-पाहणीच्या उपपत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला व तो देशोदेशी अभ्यासला गेला. आमच्या तुकडीने सीमेवरील प्रत्येक सागाच्या बुंध्याचा मध्य दोरीच्या आत की बाहेर हे वाकून वाकून पाहिले, तेव्हा आम्हांस बुधच्या ह्या गणितज्ञाचे स्मरण झाले.

चौरस न पाडताच मोजणी करण्याची एक विलक्षण रीत ऑस्ट्रियातील वाल्टर बिटरलिख ह्या वनाधिकाऱ्याने १९४८ साली प्रसिद्ध केली. ती घरच्या मुलांसही करून पाहण्याजोगी आहे. एक मीटर लांबीची काठी घ्यावी व तिच्या टोकास दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी आडवी लावावी. काठीचे दुसरे टोक डोळ्याशी धरून एकाच जागी उभे राहून सभोवार फिरावे. छातीच्या पातळीवर जे खोड पट्टीपेक्षा रुंद दिसेल ते मोजावे, जे पट्टीमागे झाकले जाईल ते सोडावे. अशी जितकी झाडे भरतील तितके चौरस मीटर खोडांचे छेदक्षेत्र त्या वनात दर हेक्टरी आहे असे समजावे. फीत नको, दोरी नको! ह्याचे रहस्य साधे आहे. तीस सेंटिमीटर जाडीचे झाड पंधरा मीटरांच्या आत असेल तरच मोजले जाते, साठ सेंटिमीटरांचे असल्यास तीस मीटरांपर्यंत. प्रत्येक झाड आपल्या जाडीच्या पन्नासपट त्रिज्येचे वर्तुळ आपल्याभोवती बाळगते, आणि त्या वर्तुळाशी त्याच्या छेदाचे प्रमाण नेहमी दहा हजारास एक, म्हणजे हेक्टरास एक चौरस मीटर, असेच येते. भूमितीचा असा उपयोग पाहून आम्हांस भास्कराचार्यांच्या लीलावतीची आठवण झाली.

आता ह्या पद्धतीची दुसरी बाजू सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्याच मुक्कामी जवळच्या गावातील एक वयोवृद्ध गोंड गृहस्थ शेकोटीपाशी येऊन बसले होते. सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "गुरुजी, तुमी धा ठिकानी मोजलं. आमचा मोह त्या धांत नाई आला. मंग तो जंगलात नाईच म्हनाचा का?"

हा प्रश्न ऐकून भाचा क्षणभर निरुत्तर झाला, आणि आमच्या मते तो प्रश्न कोणत्याही पंडितास शोभण्यासारखा होता. मोहाची फुले वेचून त्या गावातील कुटुंबांचे चैत्र-वैशाख निभतात. सागाच्या दृष्टीने नगण्य ठरणारे पाच-पंचवीस मोहवृक्ष त्यांस संपत्तीसमान. विपुल असलेल्या वस्तूचे मान थोडक्या चौरसांवरून उत्तम कळते, परंतु विरळ वस्तू त्यांच्या फटींतून निसटून जाते. भाच्याने थोड्या वेळाने जे उत्तर दिले ते सरळ होते: "बाबा, नाही असे म्हणता येणार नाही. ते झाड ह्या रीतीने सापडत नाही, इतकेच. ते वेगळेच मोजले पाहिजे, आणि ते कोठे आहे हे तुम्ही दाखविले पाहिजे." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ पुढे व तुकडी मागे, अशी त्या कक्षातील मोहांची स्वतंत्र नोंद सुरू झाली. वनखात्यातही प्रत्यक्ष तोडीच्या वेळी कूपातील तोडावयाचे प्रत्येक झाड मोजून त्यावर हातोड्याची खूण करण्याचा दंडक आहेच. नमुन्यावरून वनाची योजना आखावी. एखाद्या विशिष्ट झाडाच्या जिवाचा प्रश्न आला म्हणजे मात्र त्या झाडापाशी स्वतः जावे.

सर्व काही मोजल्याचा दावा हाही काही वेळा किती फसवा असतो ह्याचा धडा आपल्या देशास वाघांनी दिला. पावलांच्या ठशांवरून देशातील प्रत्येक वाघ मोजल्याचे कित्येक वर्षे सांगितले जात असे. २००४-०५ साली राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा त्या आकड्यांची किंमत कळली. त्यानंतर २००६ पासून कॅमेऱ्यांनी टिपलेल्या थोडक्या वाघांच्या पट्ट्यांवरून, न दिसलेल्यांचा संभव जमेस धरून, एकूण संख्येचा अंदाज करण्याची रीत आली. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाचे वाघही आता असेच मोजले जातात.

देशभरच्या वनांची अशी पद्धतशीर पाहणी १९६५ साली संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने सुरू झाली व १९८१ साली तीतूनच भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उदयास आली. तिची एक शाखा नागपुरास आहे. १९८७ पासून तिचे वनस्थितीचे अहवाल साधारणतः दोन-दोन वर्षांनी निघतात. उपग्रह आकाशातून वनाचे आच्छादन दाखवितात. परंतु त्या आच्छादनाखाली साग आहे की ऐन, त्याचा घेर किती, नवी रोपे उगवत आहेत की नाहीत, हे जाणण्यास अजूनही कोणीतरी काट्यांतून चालत जाऊन खुंटी ठोकावीच लागते.

परतण्यापूर्वी आम्ही गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेवरील मेंढा-लेखा ह्या गावी गेलो. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि त्यान्वये २००९ साली ह्या गोंड वस्तीस सुमारे अठराशे हेक्टर वनावरील सामूहिक हक्क प्राप्त झाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरी बांबू विकून बाहेर नेण्यास परवाना लागे, व तो देण्याचा अधिकार ग्रामसभेस मिळण्यास २०११ सालचा एप्रिल उजाडावा लागला. येथील मुख्य बांबू म्हणजे मानवेल. ह्याच बांबूच्या भरवशावर बल्लारपूरचा कागदकारखाना चालला, आणि ह्याच बांबूच्या टोपल्या, सुपे, कुडाच्या भिंती व मांडव ह्यांवर कित्येक घरे उभी आहेत.

हक्क हाती आला की पहिला प्रश्न उभा राहतो तो मोजणीचा. यंदा किती तोडावे? वर्षाच्या आतील कोवळे वेळू तोडू नयेत, बेट मधोमध पोखरू नये, आधारासाठी काही जुने वेळू राखावे, हे नियम परंपरेने ठाऊक असतात. पण अठराशे हेक्टरांत बेटे किती, एका बेटात वेळू किती, त्यांत कोवळे किती व पक्व किती, हे कळल्यावाचून आकडा ठरत नाही. आकडा जास्त धरला तर चार-पाच वर्षांत बेटे खंगतात. कमी धरला तर घरातील चूल थंडावते. पूर्वी हा आकडा दूरच्या कचेरीत ठरत असे व चुकीचे फळ गाव भोगीत असे. आता तो ठरविणारे व भोगणारे एकच आहेत. ग्रामसभेस सामूहिक हक्क मिळालेल्या गावांतून तरुण मंडळी फीत व होकायंत्र हाती धरावयास शिकत आहेत, ही आम्हांस ह्या सर्व प्रवासात अत्यंत आशादायक गोष्ट वाटली. ज्यास स्वतःच्या वनातील वेळू मोजता येतो, त्यास दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर अंगठा उठवावा लागत नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांस चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाण्याचा योग येईल, त्यांनी ताडोबा पाहावा, आणि सवड काढून आलापल्लीचे वनवैभवही पाहावे. तेथील केवळ सहा हेक्टरांचा जुना वृक्षसमूह २०१४ साली जैविक वारसास्थळ म्हणून घोषित झाला. तो इतका लहान आहे की त्यातील झाडे खुशाल एकेक करून मोजावी. पण ज्यांस इतक्या दूर जाणे साधणार नाही, त्यांनी मुलांस घेऊन गावाबाहेरच्या आमराईत जावे, दोरीचा चौरस पाडावा, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवावी, आणि पाच चौरसांवरून सबंध राईचा अंदाज बांधून मग सर्व झाडे मोजून ताळा पाहावा. चिठ्ठीत काट्याची जागा निघाली तर ती बदलू देऊ नये. गणित मुले शाळेत शिकतीलच. काट्याच्या जागी उभे राहून जे आहे तेच लिहिण्याची सवय मात्र वडील माणसांनी लावावी लागते.